पत्र्याच्या खोलीत पहिली थंडी काढताना

गावाहून मुंबईला निघालेल्या माणसाला सगळे एकच सांगतात, "गोधड्या कशाला घेताय, तिथं पंखा लावून झोपावं लागतं." इमारतीत राहणाऱ्याच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. पण मालाड पूर्वेला कुरार, अप्पापाडा, दहिसरचा केतकीपाडा, भांडुपचा डोंगर, आरेतले पाडे अशा ठिकाणी पत्र्याच्या खोलीत राहायला आलात, तर डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पहाटे तीनला हमखास जाग येते. पाय गार पडलेले असतात, लेकरू कुशीत शिरत असतं आणि डोक्यावरचा पत्रा हात लावला तर बर्फासारखा लागतो.

मी १९९८ साली माण तालुक्यातून कुरारला मामांच्या खोलीत आलो. तेव्हापासून पत्रा, अँगल आणि वेल्डिंग हेच माझं काम. लोकांच्या खोल्या बांधल्या, वाढवल्या, पावसाआधी शाकारल्या. थंडीसाठी मात्र कुणी मिस्त्रीला बोलवत नाही. दीड-दोन महिन्यांचा प्रश्न म्हणून सोडून देतात आणि मग एखाद्या रात्री घरात कोळशाची शेगडी पेटवतात. त्या शेगडीमुळेच हे सगळं लिहायला बसलो आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

थंडी येते कुठून

सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली आहे. त्याच दिवशी कुलाब्याला ११.७ होतं. एकाच शहरात चार अंशांहून जास्त फरक, कारण कुलाब्याला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे आणि समुद्र रात्री लवकर गार होत नाही. जसजसं समुद्रापासून आत आणि राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे जाल तसा गारवा वाढतो. उत्तरेकडचा वारा सुटला आणि आभाळ निरभ्र असलं की सांताक्रूझला पंधरा-सोळा अंश दाखवतात. डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत त्याहूनही कमी असतं.

त्यात पत्र्याची एक खोड आहे. घरावरचा पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो. निरभ्र रात्री तो आपली ऊब थेट आभाळाकडे सोडत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही काही अंश गार होतो. तुम्ही त्याच्या खाली झोपलेले असता, तेव्हा तुमच्या अंगातली ऊब तो ओढून घेतो. म्हणून खिडक्या बंद करूनही थंडी वाजते. गावाकडच्या मातीच्या भिंतींनी आणि कौलांनी दिवसभराचं ऊन पोटात साठवलेलं असायचं, ते रात्री सावकाश परत मिळायचं. पत्र्याला पोटच नाही.

आता थोडा हिशेब. दहा बाय बाराच्या खोलीवर १२० चौरस फूट पत्रा असतो. आत बावीस आणि बाहेर सोळा अंश धरले, तर उघड्या पत्र्यातून साधारण चारशे वॉटच्या हीटरइतकी ऊब सतत बाहेर जात असते. झोपलेलं मोठं माणूस सत्तरेक वॉट ऊब देतं, म्हणजे चार माणसांची पावणेतीनशे-तीनशे वॉट झाली. पत्र्याखाली इंचभर थर्माकोलसारखा चांगला थर आला की तेच नुकसान शंभर वॉटच्या आत येतं. हा हिशेब ढोबळ आहे, भिंतीतून आणि फटींतून जाणारी ऊब यात धरलेली नाही, पण त्यातून एक गोष्ट दिसते. मुंबईतल्या खोलीत ऊब विकत आणावी लागत नाही. चार माणसं, संध्याकाळचा स्वयंपाक आणि दुपारचं एकतीस अंशांचं ऊन एवढी ऊब रोज घरात येते. ती पहाटेपर्यंत घरात राहिली पाहिजे. पुढचं सगळं काम त्यासाठीच.

आधी एक रात्र फक्त बघा

बाजारातून काही आणण्याआधी रात्री अकराच्या सुमाराला पंखा आणि गॅस बंद करून एक उदबत्ती लावा. ती दाराखाली, खिडकीच्या कोपऱ्यांत, मोरीच्या पाइपापाशी, वायर जिथून आत येते त्या भोकापाशी आणि मग स्टुलावर चढून भिंत-पत्रा मिळतो त्या वळचणीला सगळीकडे धरा. धूर आत ढकलला जातो तिथून गार हवा येते, बाहेर खेचला जातो तिथून घरातली ऊब जाते. दोन्ही ठिकाणी खडूने खूण करा. धूर आत येईल तिथे फुली, बाहेर जाईल तिथे गोल.

दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे, हे शाळेत शिकलो होतो. कुरारला ते अंगावर कळतं. दिवसभर पश्चिमेकडून येणारा वारा रात्री पूर्वेकडून, डोंगरावरून उतरतो, कारण गार हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने खाली येते. त्यामुळे कुरार, बोरिवलीसारख्या ठिकाणी बहुतेक घरांत फुल्या पूर्वेच्या भिंतीला जास्त दिसतील. भांडुप-मुलुंडकडे डोंगर पश्चिमेला आहे, तिथे उलटही होऊ शकतं. म्हणून मी सांगतो त्यापेक्षा उदबत्ती सांगेल ते ऐका.

फटी: कुठल्या बुजवायच्या, कुठल्या नाहीत

नळीदार पत्रा भिंतीवर बसतो तेव्हा प्रत्येक नळीखाली अर्धचंद्रासारखं भोक राहतं. ते दिसायला बोटभर असतं, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण नळ्या तीन तीन इंचांवर असतात. दहा फुटांच्या भिंतीवर चाळीस भोकं, समोरच्या भिंतीवर आणखी चाळीस. सगळी एकत्र केली तर फुलस्केप कागदाएवढी खिडकी रात्रभर सताड उघडी असल्यासारखं होतं.

यासाठी पत्र्याच्याच आकाराच्या फोमच्या पट्ट्या मिळतात. पत्रे विकणाऱ्या दुकानात फिलर म्हणून मागा, आणि जाताना पत्र्याच्या कडेचा आकार पुठ्ठ्यावर गिरवून न्या, कारण नळीदार पत्र्याची पट्टी चौकोनी पन्हाळीच्या पत्र्याला बसत नाही. ती मिळाली नाही तर जुन्या गादीचा स्पंज कापून घट्ट बसवा. चिंध्या आणि कागद कोंबू नका, त्यात उंदीर घर करतात आणि ओल धरून पत्रा गंजतो. सिमेंटचा मसालाही भरू नका. पत्रा दुपारी तापून वाढतो, रात्री आकसतो, मसाला महिन्याभरात तडकतो आणि तुकडे खाली झोपलेल्याच्या तोंडावर पडतात.

दाराखालच्या फटीला रबराची पट्टी स्क्रूने बसवून घ्या. तोवर जुन्या पँटचा पाय कापून, त्यात चिंध्या भरून, दोन्ही टोकं शिवून लांबोळकी उशी करा आणि झोपताना उंबरठ्याला लावा. खिडकीला काच नसेल आणि नुसती जाळी असेल, तर आतून जाड पारदर्शक प्लॅस्टिक पट्टीने चिकटवा. उजेड राहतो. पत्र्याच्या हुकांचे वायसर सुटलेले असतील तर बदलून घ्या, ते काम पावसालाही उपयोगी पडेल.

आता महत्त्वाचं. सगळ्या फटी बुजवायच्या नाहीत. वारा येतो त्या बाजूच्या बुजवा, त्याच्या समोरच्या बाजूची वळचणीतली वहीच्या पानाएवढी जागा जाळी लावून कायम उघडी ठेवा. गॅस सिलिंडर घरात असतो, आणि तो गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या बाजूला जमिनीलगतही हाताच्या पंजाएवढी जाळी हवीच. शिवाय एका खोलीत पाच-सहा माणसं झोपतात, त्यात कुणाला खोकला असतो. क्षयाचे जंतू कोंडलेल्या हवेत टिकून राहतात. थोडी थंडी सोसली तरी चालेल, पण हवा खेळती पाहिजे.

छत हे खरं काम

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर छतावर घाला. खर्च मे महिन्यातही वसूल होतो, कारण जो थर ऊब बाहेर जाऊ देत नाही तोच उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याची धग आत येऊ देत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय चांदव्याचा. सत्यनारायणाच्या पूजेला बांधतो तसा जुन्या सुती साड्यांचा दुहेरी चांदवा झोपायच्या जागेवर, पत्र्यापासून वीतभर खाली ताणून बांधा. साडी पत्र्याला चिकटली तर उपयोग नाही, मधली स्थिर हवाच ऊब धरते. गॅसच्या ओट्यापासून आणि दिव्यापासून तो चांगला लांब ठेवा, नायलॉनच्या साड्या वापरू नका. मच्छरदाणी लावत असाल तर तिच्या माथ्यावर एक चादर पसरलीत तरी बराच फरक पडतो.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे चंदेरी बबल फॉइल. बुडबुड्यांच्या दोन थरांवर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असतो. ती अँगलच्या खालून तारेने ताणून बांधायची, पत्रा आणि फॉइल यांत दोन बोटं तरी अंतर ठेवायचं आणि जोडांवर फॉइलचीच पट्टी चिकटवायची. दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे. भाड्याच्या खोलीत मी हेच सुचवतो, कारण खोली सोडताना गुंडाळून नेता येतं.

खोली स्वतःची असेल तर थर्माकोलचा इंचभर जाड थर आणि त्याखाली सिमेंट बोर्ड. इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. थर्माकोल उघडा ठेवू नका. तो पेटला की वितळत्या थेंबांनी खाली गळतो, काळा धूर सोडतो आणि पत्र्याच्या खोलीतून बाहेर पडायला दार एकच असतं. २०२३ च्या मार्चमध्ये अप्पापाड्याला लागलेली आग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. बोर्डाखाली झाकलेला असेल तरच तो लावा आणि ओट्याच्या वर लावूच नका. थर्माकोलला वायर टेकू देऊ नका, वायरवरचं प्लॅस्टिक त्याने कडक होऊन तडकतं. सगळी वायर पाइपातून न्या.

वर जुना सिमेंटचा पत्रा असेल तर तो बहुधा ॲस्बेस्टॉसचा आहे. नुसता असला म्हणून घाबरू नका, पण त्याला कापणं, घासणं, कोरडं भोक पाडणं टाळा. ती धूळ फुफ्फुसात बसते आणि निघत नाही. चांदवा किंवा फॉइल त्याच्या खालच्या अँगलला बांधा, पत्र्याला हात न लावता.

पावसाळ्यात घातलेली निळी ताडपत्री दिवाळीत काढावी की ठेवावी, असं बरेच जण विचारतात. जुनी असेल तर होळीपर्यंत राहू द्या, पत्रा आणि आभाळ यांच्यामध्ये तेवढाच एक पडदा होतो. नवी असेल तर काढून, वाळवून, घडी करून ठेवा. उन्हाने ती फाटते आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा पैसे जातात.

पहाटे टिपकतं ते पावसाचं पाणी नव्हे

माझ्या पहिल्या जानेवारीत पहाटे अंथरुणावर थेंब पडायला लागले. आभाळ कोरडं, पाऊस जाऊन तीन महिने झालेले. मला वाटलं वरच्या शेजाऱ्याचं पाणी येतंय. दुसऱ्या दिवशी पगारातले पैसे घालून डांबर आणलं, सगळे जोड भरले. तिसऱ्या रात्री पुन्हा थेंब. त्याच आठवड्यात आई गावाहून आली होती. तिने पत्र्याला आतून बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "बाळा, हे दव हाय. आपल्या गोठ्याला आतून असंच टिपकायचं, गुरांच्या श्वासाचं."

तिचं बरोबर होतं. चार माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात लिटरभर पाणी हवेत जातं. त्यात मोरीतली ओल, घरात वाळत घातलेले कपडे, रात्री उकळलेला भात. ही दमट हवा गार पत्र्याला लागली की तिथे दव धरतं आणि नळीच्या तळाशी जमून टिपकतं. डांबराने यातलं काहीच थांबत नाही.

गळती आणि दव यांतला फरक ओळखायचा कसा? गळतीचं पाणी एकाच जागी, बहुतेक हुकाशी किंवा जोडाशी येतं आणि खाली पिवळसर डाग पाडतं. दव पत्राभर सगळीकडे असतं, पहाटे चार ते सात याच वेळेत पडतं आणि ऊन आलं की अर्ध्या तासात नाहीसं होतं. उपाय साधे आहेत. कपडे बाहेर वाळवा, रात्रीचा स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवा आणि वास-वाफ गेल्यावरच लावा, मोरीचं दार लावून झोपा, ती वहीच्या पानाएवढी जाळी बुजवू नका. छताला थर लागला की दव बरंचसं थांबतं, कारण दमट हवा गार पत्र्यापर्यंत पोहोचत नाही. पण फॉइलचे जोड उघडे राहिले तर वर दव साचून ते एका जागी ओतलं जाईल, म्हणून पट्टी नीट चिकटवा.

खिडकीचं वेळापत्रक

याला एक पैसाही लागत नाही. सकाळी अकरापर्यंत बाहेर बऱ्यापैकी ऊब येते, तेव्हा दार-खिडक्या उघडा आणि ऊन आत घ्या. गाद्या-गोधड्या पत्र्यावर किंवा कठड्यावर उन्हात टाका, दुपारी तीनच्या आत घरात आणून लगेच घडी करून ठेवा म्हणजे त्यातली ऊब रात्रीपर्यंत थोडी टिकते. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. त्याच्या तासभर आधी, पाचच्या सुमाराला वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या. लोक दिवेलागणीनंतर गार वाटायला लागल्यावर लावतात, तोवर दिवसभराची ऊब निघून गेलेली असते.

पाण्याचा ड्रम घरातच असेल तर तो भरलेला ठेवा. दोनशे लिटर पाणी दुपारच्या उबेने कोमट झालं आणि रात्रीत पाच अंशांनी उतरलं, तर एक युनिट विजेहून थोडी जास्तच ऊब ते खोलीत सोडतं. गावाकडच्या मातीच्या भिंतीचं काम थोडंफार तो ड्रम करतो. झाकण मात्र घट्ट पाहिजे. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि उघडा ड्रम घरात ओलही वाढवतो.

अंथरूण

तळमजल्यावरची लादी गार लागते खरी, पण मुंबईत जमिनीच्या पोटात वर्षभर सत्तावीस अंशांच्या आसपास तापमान असतं, म्हणजे पहाटे ती हवेपेक्षा उबदारच असते. लादी फक्त अंगातली ऊब भराभर ओढते, म्हणून गार वाटते. तिच्यावर एक चटई आणि सतरंजी घातली की काम झालं. माळ्यावर उलट आहे. संध्याकाळी माळा उबदार असतो, पहाटे मात्र पत्रा अगदी डोक्याशी असल्यामुळे सगळ्यात गार तिथेच. म्हातारी माणसं आणि लहान मुलं थंडीत खालीच झोपवा.

पांघरुणावर पैसे घालण्याआधी अंथरुणाखाली बघा. पातळ गादीवर दोन जाड ब्लँकेट घेऊन कुडकुडणारे मी खूप पाहिलेत. एक गोधडी खाली, एक वर, हे जास्त बरं. गावाहून येताना वाकळ आणि धनगरी घोंगडी घेऊन या. घोंगडी लोकरीची असते, थोडी दमटली तरी ऊब देते आणि वर टिपकलेलं दव लगेच आत झिरपू देत नाही. ती टोचते म्हणून आधी सुती चादर, वर घोंगडी.

तान्ह्या बाळाला टोपडं आणि पायमोजे घाला, आईच्या जवळ झोपवा, पण तोंडावर जड पांघरूण येऊ देऊ नका. गरम पाण्याची पिशवी अंथरूण तापवायला वापरा आणि बाळाला ठेवण्याआधी काढून घ्या.

शेगडी, गिझर, हीटर

आमच्या गल्लीत एका वर्षी जानेवारीत गावाहून नवं जोडपं आलं होतं, सोबत आठ महिन्यांची मुलगी. थंडी फार म्हणून त्यांनी लोखंडी घमेल्यात कोळसे पेटवले. धूर गेला, निखारे लाल झाले, मग धोका संपला असं समजून घमेलं घरात घेतलं आणि दार लावून झोपले. पहाटे मुलगी रडून रडून अचानक गप्प झाली, म्हणून शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. आतून कुणी उठेना. दार ढकलून तिघांना बाहेर ओढलं. तिघंही वाचले, ते काकूंना जाग होती म्हणून.

धूर नसलेला निखारा सुरक्षित असतो हा समज जीवघेणा आहे. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला हे काहीच कळत नाही. कोळसा, लाकूड, भुसा, गॅसची शेगडी, कंदील, यातलं काहीही पेटतं ठेवून झोपू नका, खिडकी किलकिली असली तरी. बंद मोरीत बसवलेला गॅस गिझर हाही त्याच प्रकारचा धोका आहे. तो बाहेर बसवा आणि पाणी पाइपाने आत आणा. कुणाला असं झालेलं दिसलं तर आधी दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. बरं वाटलं तरी रुग्णालयात दाखवा.

शेकोटी बाहेरच्या मोकळ्या जागेत, सुक्या लाकडाची असेल तर ठीक. प्लॅस्टिक, टायर, थर्माकोल त्यात घालू नका, तो धूर गल्लीतल्याच लेकरांच्या छातीत जातो. उघड्यावर कचरा जाळायला महापालिकेची बंदीही आहे.

विजेच्या हीटरबद्दल माझं मत सरळ आहे. वर सांगितलेलं केलंत तर त्याची गरज पडत नाही, आणि पत्र्याच्या खोलीत तो घेऊ नये. दोन हजार वॉटचा हीटर पावणेनऊ अँपिअर ओढतो. आपल्याकडच्या खोल्यांत सहा अँपिअरचे सॉकेट आणि बारीक वायर असते, ती तापते. त्याहून मोठा धोका भिंतीचा. वायरचं प्लॅस्टिक घासून तांबं पत्र्याला लागलं तर अख्खी भिंत आणि छत करंट मारतं, आणि पहाटे ते दवाने ओलं असतं. म्हणून हीटर असो वा नसो, मीटरच्या पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज लगेच तोडणारा डबा, बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. दक्षिण मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत चांगला माल मिळतो, पण बसवायला परवानाधारक वायरमनच बोलवा. या खोल्यांत थंडीइतकाच पावसाळ्यातही हा एक डबा जीव वाचवतो.

अंघोळीच्या पाण्याला रॉड वापरणार असाल तर दीड हजार वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो, म्हणजे त्यालाही मोठा सॉकेट हवा. पंधरा लिटर पाणी तो साधारण पाव तासात अंघोळीजोगं करतो. बादली प्लॅस्टिकची घ्या, रॉड पाण्यात घातल्यावरच बटण लावा, बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. लहान मूल घरात असेल तर मोरीचं दार लावून ठेवा.

साइटवरच्या केबिनमध्ये राहत असाल तर

वॉचमन, सुपरवायझर, मजूर यांना साइटवर पोर्टा केबिन किंवा कंटेनरची खोली मिळते. ती ट्रकवरून येते आणि विटांवर किंवा ब्लॉकवर ठेवतात. म्हणजे जमिनीची ऊब तिला मिळतच नाही, खालून वारा जातो आणि तळ गार पडतो. इथे छताआधी तळाकडे बघा. वाऱ्याच्या दोन बाजूंना केबिनखालची जागा विटा रचून, जुन्या पत्र्याने किंवा सेंट्रिंगच्या प्लायने बंद करा. उरलेल्या दोन बाजूंना जाळी ठेवा, नाहीतर खाली ओल साचून तळाचा प्लाय कुजेल आणि उंदीर-साप शिरतील. आत प्लायवर जाड चटई किंवा जुना गालिचा टाका. भिंती पफ पॅनलच्या, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या असतील तर त्यांना आणखी काही लावायची गरज नाही. नुसत्या कंटेनरच्या लोखंडी भिंती असतील तर अंथरूण भिंतीपासून हातभर लांब ठेवा, पहाटे त्यांच्यावरून दवाचे ओघळ येतात. शेगडीचा नियम इथे दुप्पट कडक, कारण कंटेनरला वळचणीच्या फटीही नसतात.

होळी झाली की दाराची उशी आणि खिडकीचं प्लॅस्टिक काढा. वळचणीतल्या फोमपैकी पश्चिमेच्या भिंतीचा काढून ठेवा, म्हणजे दुपारचे खारे वारे आत येतील. चांदवा धुऊन, वाळवून पुन्हा बांधा. छताची फॉइल तशीच राहू द्या.